मनाच्या दारावरचा पहारा

कांदिवलीहून बोरिवली ओलांडली की मंडपेश्वरची लेणी लागतात. तेथील एका भिंतीत कोरलेला भलामोठा क्रूस मी अनेकदा पाहिला आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शैव लेण्याचे चर्च केले. राज्य पोर्तुगीजांचे, दगडावर त्यांचे बळ चालले. पण पाप उपजते ते अंतःकरणात. तेथे राजाचा शिपाई काय करणार?

तो पहारा ज्याचा त्यानेच द्यायचा. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या साधनाग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात याची रीत सांगितली आहे: सकाळी एका दोषाविरुद्ध निश्चय करावा, दुपारी व रात्री जेवणानंतर मन तपासावे आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके रेघेवर मांडावेत. वाण्याची रोजकीर्दच ही!

त्याच पंथाचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांनी मननासाठी आपली ओवी निवडली. १६१६ च्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त बायबलची कथा मराठीत उतरली, ऐकावी, घोळवावी, स्वतःला तीत पाहावे.

पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या सरकारने देशी भाषेविरुद्ध हुकूम काढला. पुराणाच्या जुन्या छापील प्रती नाहीशा झाल्या. भाविकांनी हस्तलिखिते जपली. इकडे १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली. साष्टीतली कित्येक चर्चे ओस पडली, तरी येथील ख्रिस्ती कुटुंबांची श्रद्धा टिकली.

किल्ल्यावरचा पहारा राज्याबरोबर उठतो. स्वतः होऊन मनावर बसवलेला पहारा मात्र, मला वाटते, राज्ये बदलली तरी उठत नाही.