यरुशलेमचा मराठी अभ्यास

खानदेशातल्या सोनगीरहून कोकणातले अलिबाग लांब, यरुशलेम तर त्याहून कितीतरी लांब. तरीही ज्यूंची मायभूमी शाळेत आणि प्रार्थनालयात कशी शिकवली गेली, या विषयात खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी उतरावे, असे मी आग्रहाने म्हणतो. त्याचे कारण सरळ आहे. या विषयाची मोलाची साधने मराठीत आहेत आणि ती वाचणारे फार थोडे आहेत.

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. शब्बाथ, सुंता, ‘शेमा’ची प्रार्थना एवढे त्यांनी जपले होते. ग्रंथांचे शिक्षण पुढे बाहेरून आले. कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्राएलांनी विद्या घेतली आणि धर्म राखला. शिकणारा समाज काय स्वीकारतो आणि काय नाकारतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

१८७४ साली पुण्यात छापलेली ‘हगादा’ नवख्या अभ्यासकाने आधी पाहावी. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची ही पोथी, हिब्रू आणि मराठी दोन्हींत. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसरातून सुटका झाल्याची कथा पोरांनी या पोथीतून मराठीत ऐकली, आणि पुढच्या वर्षी यरुशलेमात असू ही आशाही त्याच रात्री ऐकली. मायभूमीचा पहिला पाठ असा जेवणाच्या पंक्तीत मिळे. १८८०च्या सुमारास मराठी कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली जाऊ लागली. ज्याने गावच्या सप्ताहात कीर्तन ऐकले आहे, त्याला या आख्यानांची घडण समजायला कोणाची मदत लागणार नाही. परदेशी अभ्यासकाला ती लागतेच.

मुंबईत १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने इस्राएली शाळा निघाली. तिथे मराठी आणि इंग्रजीबरोबर हिब्रू शिकवत. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. रिबेका रुबेन यांनी १९२२ पासून १९५० पर्यंत तिची धुरा वाहिली. १८९७ साली बाझेलच्या पहिल्या झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंसाठी मायभूमी मागणाऱ्या, परिषदेचे निमंत्रण बेने इस्राएलांनी नाकारले होते. यरुशलेमला परतणे घडायचे तर ते ईश्वराच्या हातून घडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी केहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, तेल अवीवमध्ये. त्या चाळीस वर्षांत प्रार्थनेतल्या यरुशलेमच्या जोडीला जाऊन वसण्याजोगा देश वर्गात कसा शिरला, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

१९४८ साली इस्राएल देश झाल्यावर बेने इस्राएलांची हजारो कुटुंबे तिकडे गेली. लोद, दिमोना, बेरशेबा, अश्दोद इथे मराठी बोलली जाऊ लागली. काहींचा भ्रमनिरास झाला. १९५२ साली काही जण धरणे धरून भारतात परतले. पुढे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू म्हणून बरोबरीने वागवण्याची भूमिका घेतली. शिक्षकाने हे वर्गात सांगितलेच पाहिजे. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपल्या घरांना मुकले, हेही त्याच धड्यात यायला हवे. एकाची मायभूमी शिकवताना दुसऱ्याची झाकून ठेवली, तर मुले अर्धाच नकाशा घेऊन घरी जातात.

ज्याला हिब्रू येत नाही त्याने त्यापायी अडून राहू नये. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे; जुना कागद कसा हाताळावा आणि कसा ताडून पाहावा, हे आपल्याला तिथेच शिकता येते. त्या तयारीवर मराठी प्रार्थनापुस्तके, कीर्तनांच्या पोथ्या, शाळांचे अहवाल आणि इस्राएलमधून निघालेले ‘मायबोली’ हे त्रैमासिक वाचायला घ्यावे. मग अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई इथल्या प्रार्थनालयांत जावे. तिथली म्हातारी माणसे मराठीतच बोलतात. लहानपणी तुम्हाला यरुशलेमबद्दल कोणी, कुठे बसून, काय सांगितले, एवढे त्यांना विचारावे आणि ते जसे बोलतील तसेच उतरवून घ्यावे.