हमदर्द : एका खानदानाचा दवाखाना कौमची अमानत कसा झाला

रमजानमध्ये आपल्या दस्तरखानावर रूह अफजाची बाटली असतेच. तिच्या जुन्या लेबलवर कंपनीच्या नावासोबत ‘वक्फ’ हा शब्द छापलेला असायचा. शरबत पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचला असेल. आमच्या शाळेतल्या मुलांना वक्फ म्हटलं की मशीद, कब्रस्तान, दर्गा एवढंच आठवतं. चालता धंदाही वक्फ होऊ शकतो हे सांगितलं, की ती चकित होतात. हमदर्द हे त्याचं आपल्या देशातलं सर्वांत ठळक उदाहरण.

हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये जुन्या दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला. दिल्लीच्या उन्हाळ्यावर उतारा म्हणून रूह अफजा त्यानंतर लवकरच आलं. १९२२ मध्ये हकीमसाहेबांचा इंतकाल झाला तेव्हा थोरले चिरंजीव अब्दुल हमीद (जन्म १९०८) अजून शाळकरी वयाचे होते आणि धाकटे मोहम्मद सईद तर अगदी तान्हे. त्या काळात दवाखाना सांभाळला त्यांच्या वालिदा राबिया बेगम यांनी. हमदर्दच्या गोष्टीत या बाईंचं नाव फार कमी घेतलं जातं. ते जास्त घेतलं पाहिजे.

फाळणीनंतर मोहम्मद सईद कराचीला गेले आणि तिथे त्यांनी नव्याने हमदर्द उभं केलं. अब्दुल हमीद दिल्लीतच राहिले. १९४८ मध्ये, दिल्लीतले मुसलमान अजून धास्तावलेले असताना, त्यांनी भारतातलं हमदर्द वक्फ केलं. धाकट्या भावानेही पुढे १९५३ मध्ये पाकिस्तानातलं हमदर्द वक्फ केलं. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना दोघा भावांनी एकच निर्णय घेतला.

आता हे चालतं कसं ते नीट समजून घेऊ, कारण इथेच लोकांचा घोळ होतो. जकात दरसाल काढायची आणि ठरलेल्या हकदारांपर्यंत पोहोचवायची, म्हणजे ती खर्चून टाकायची. वक्फचं तसं नाही. मूळ मालमत्ता कायमची बांधली जाते. ती विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. खर्च होते ती तिची कमाई. मुतवल्ली हा फक्त व्यवस्थापक, मालक नव्हे. कारखाना चालतो, माल विकला जातो, पगार दिले जातात, कर भरला जातो. उरलेल्या नफ्याचं काय करायचं ते वक्फनाम्यात लिहिलेलं असतं.

नफा वाटण्याचं काम शिस्तीत व्हावं म्हणून १९६४ मध्ये हमदर्द नॅशनल फाउंडेशन स्थापन झालं. गरजू विद्यार्थ्यांना वजिफे, तालीम आणि इलाजाच्या संस्थांना मदत, असं तिचं काम. दिल्लीत राबिया बेगम यांच्या नावाने मुलींची शाळा आहे. निजामुद्दीनची गालिब अकादमी १९६९ ची. तुघलकाबादला आधी युनानी कॉलेज आणि संशोधन संस्था उभ्या राहिल्या आणि १९८९ मध्ये त्यांतून जामिया हमदर्द हे अभिमत विद्यापीठ झालं. नागरी सेवांच्या परीक्षांची तयारी करून घेणारं हमदर्द स्टडी सर्कलही तिथलंच. स्वतः हकीम अब्दुल हमीद १९९९ मध्ये वारले तोपर्यंत अतिशय साधे राहिले. त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

सगळं गोड नव्हतं. संस्थापक गेल्यावर घराण्यात वाद झाले. मुख्य मुतवल्ली कोण, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये तिथे निकाल झाला. त्याच वर्षी रमजानमध्ये बाजारात रूह अफजा मिळेना, तेव्हा लोकांनी त्याचा संबंध या भांडणाशी जोडला. कंपनीने मात्र कच्च्या मालाच्या तुटवड्याचं कारण दिलं. खरं कारण काहीही असो, वारसाहक्काचं कलम लिहिताना किती बारकाई लागते ते यातून दिसलं.

मालेगाव, भिवंडी, सोलापूरकडे कारखाने आणि पेढ्या चालवणारी आपली कितीतरी खानदानं आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल, तर दोन-तीन गोष्टी आधी पाहाव्यात. अखेरच्या आजारात केलेला वक्फ वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे लागू होत नाही. म्हणून हे काम धडधाकट असताना करावं. औलादीसाठीचा वक्फ, म्हणजे वक्फ-अलल-औलाद, १९१३ च्या कायद्यापासून मान्य आहे. पण २०२५ च्या दुरुस्तीनुसार त्याने मुलींसह कुणाही वारसाचा हक्क डावलता येत नाही. काही वर्षांपासून इस्लामचं पालन करत असल्याचं दाखवण्याची त्याच दुरुस्तीतली अट सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये तात्पुरती रोखली आहे. वक्फची नोंदणी राज्य वक्फ मंडळाकडे होते. त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

ज्यांना धंदा स्वतःकडेच ठेवून फक्त नफ्यातला वाटा द्यायचा आहे, त्यांना सार्वजनिक ट्रस्टचा मार्ग सोपा पडतो. त्याची नोंदणी १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि हिशेब दरवर्षी तपासून द्यावे लागतात. गावातला यतीमखाना, मोफत दवाखाना, मुलींचं वसतिगृह यांना अशा ट्रस्टमधून ठरलेली रक्कम दरसाल देता येते. दर रमजानला पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या या संस्थांना त्या भरवशाची रकमेइतकीच गरज असते.