दक्षिणा आणि विदूषक

इ. स. १८५५ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ नांवाचें एक नाटक आलें. लेखक जोतीराव फुले अवघे २८ वर्षांचे होते. पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत. इंग्रजी अमलांत ती आटली आणि तिचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. दक्षिणेच्याच पैशांतून बक्षीस देणाऱ्या मंडळीपुढें, दक्षिणा कशी उकळतात हें दाखविणारी कृति ठेवली गेली! यांत भाबडेपणा किती व खोडकरपणा किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

कथानक साधें आहे. गरीब कुणब्याची बायको गरोदर. दारीं जोशी येतो, पोटांतल्या लेकरावर ग्रहांची पीडा सांगतो, आणि शांतीच्या निमित्तानें त्या घराला खर्चांत बुडवितो. शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत जाण्याचा निश्चय करतें. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगविल्याला तेव्हां १२ वर्षें झालीं होतीं आणि मराठी रंगभूमीवर देव, ऋषि व राक्षस यांचीच वर्दळ होती. तेथें कुणबीण नायिका म्हणून येणें हेंच मोठें धाडस होतें.

त्याहून मोठें धाडस विदूषकाचें. संस्कृत नाटकांतला विदूषक स्वतः ब्राह्मण, राजाचा मित्र आणि खादाड. त्याचें हंसूं येतें, पण त्यानें कोणाचें आसन डळमळत नाहीं. जोतीरावांनीं तोच विदूषक उचलला आणि जोश्याच्या बाजूला उभा केला. जोश्यानें मोठेपणाचा आव आणावा आणि यानें त्याचें पितळ प्रेक्षकांपुढें उघडें पाडावें! जन्मानें मिळालेल्या थोरवीला शास्त्राधारानें उत्तर देणारे पंडित पुष्कळ झाले. तिला हंसणें अधिक अवघड होतें.

कमिटीनें नाटक नाकारलें. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियनांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथांत नमूद केलें आहे. त्याच वर्षीं सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढें त्याचे जलसे ढोलकी-तुणतुण्यावर गांवोगांव हाच प्रश्न विचारीत फिरले. तमाशाला नाकें मुरडणाऱ्यांना त्याची ही ताकद उशिरां कळली.

जोतीराव १८९० सालीं वारले. ‘तृतीय रत्न’ छापून निघालें तें १९७९ सालीं, लिहिल्यानंतर १२४ वर्षांनीं.