हरित वाहनांची मागणी : एक ऐतिहासिक विचार

हवा दूषित न करणाऱ्या वाहनांची मागणी वाढत आहे, असें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. ग्राहक जागा झाला कीं कारखानदार आपोआप सुधारतो, हें त्यामागील गृहीत होय. तें कितपत खरें आहे, याचा निवाडा इतिहासास विचारावा. आणि त्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्राच्या गेल्या सव्वाशें वर्षांत त्याचा पुरावा भरपूर आहे.

दापोली तालुक्यांतील बुरोंडी हें लाडघराच्या दक्षिणेस, समुद्रकांठीं वसलेलें मच्छीमारांचें गांव. या किनाऱ्यावर यंत्र येण्यापूर्वीं माल गलबतांतून व मचव्यांतून जाई. माणसें पायीं किंवा बैलगाडींतून जात. वारा, भरती-ओहोटी आणि बैल यांवर चालणाऱ्या या वाहतुकींत धूर नव्हता. पण धूर नको म्हणून ती कोणीं पत्करलेली नव्हती. दुसरें साधन नव्हतें, एवढेंच. पुढें आगबोट आली तेव्हां कोंकणानें तिचें स्वागतच केलें, कारण तिच्यामुळें मुंबई जवळ आली. निर्मळपणा असणें आणि निर्मळपणाची मागणी असणें, या दोन गोष्टी अगदीं वेगळ्या आहेत.

शहराचा इतिहासही हेंच सांगतो. मुंबईंत ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम सुरू झाली. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धांवली. १९६२ सालीं आलेली, तारांवरील विजेनें चालणारी ट्रॉलीबसही १९७१ सालीं गेली. विजेचें वाहन मुंबईनें दोनदां हातीं घेतलें आणि दोनदां सोडलें. गति, रस्त्यावरील जागा व खर्च यांचा हिशेब झाला; त्या हिशेबाच्या वहींत हवेचा रकाना नव्हता.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां लांकडी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर दिसूं लागल्या. गाडीला भट्टीसारखी टाकी जोडावयाची, तींत कोळसा अर्धवट जाळावयाचा आणि निघालेला वायु गाळून इंजिनांत सोडावयाचा, अशी ती योजना. गाडी सुरू होण्यास वेळ लागे, चढावावर तिचा जोर कमी पडे. पेट्रोल मोकळें झाल्यावर या मोटारींचें दिवस संपले. त्यांना हरित म्हणण्याचेंही कारण नाहीं. पेट्रोल वांचलें, पण कोळशासाठीं झाडें तुटत होतीं.

येथवर मागणीची आई टंचाई होती. पुढें ती जागा काटकसरीनें घेतली. १९७२ सालीं पुण्यांतून निघालेली लूना मध्यमवर्गाच्या दारांत आली ती थोड्या पेट्रोलांत फार चालते म्हणून. मुंबईच्या टॅक्सींची हकीकत तर अधिक बोधप्रद आहे. महानगर गॅस ही कंपनी १९९५ सालीं स्थापन झाली. पुढें धुरानें त्रासलेले रहिवासी मुंबई उच्च न्यायालयांत गेले, आणि जुन्या टॅक्सींनीं नैसर्गिक वायूसारखें स्वच्छ इंधन घ्यावें, असे आदेश निघाले. वायूच्या पंपांवर लांबच लांब रांगा लागत, तरीही तें इंधन टिकलें. कारण तें पेट्रोलपेक्षां स्वस्त पडतें, हें चालकांच्या अनुभवास आलें. कायद्यानें आरंभ करून दिला, खिशानें तो निभावला.

विजेच्या गाड्यांचें तसेंच आहे. जानेवारी २०२० मध्यें पुण्याची चेतक विजेवर होऊन परतली, आणि त्याच महिन्यांत टाटांची विजेची नेक्सॉन बाजारांत आली. त्यांच्या खपास सरकारी अनुदानाचा व ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आणलेल्या कराचा टेकू होता. १ जून २०२३ पासून विजेच्या दुचाकींच्या अनुदानाची मर्यादा किंमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. त्या महिन्यांत देशांतील त्यांची विक्री आदल्या महिन्याच्या मानानें जवळजवळ निम्म्यावर आली. सदिच्छा रातोरात ओसरत नाहीं. किंमत मात्र रातोरात चढते.

कारखान्याच्या आंत तर ग्राहकाची दृष्टि पोहोंचतच नाहीं. गाडी किती चालते हें तो विचारतो. तिचें पोलाद कोठें वितळलें, रंगशाळेंत किती ऊर्जा व पाणी लागलें, हें सहसा विचारीत नाहीं. मोटारीच्या कारखान्यांत सर्वांत अधिक ऊर्जा खाणाऱ्या विभागांत रंगशाळेची गणना होते. टाटा मोटर्सनें २०१६ सालीं सर्व वीज अक्षय साधनांतून घेण्याची प्रतिज्ञा केली, ही स्तुत्य गोष्ट. पण सर्व कारखान्यांस एकाच रेषेवर आणलें तें नियमांनीं. १ एप्रिल २०२० पासून देशानें धुराच्या मानकांची पांचवी पायरी वगळून सहावी गाठली. २०२२ च्या नियमांनीं निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. या गोष्टी दुकानाच्या काउंटरवर कोणीं मागितल्या नव्हत्या.

मग मागणीला कांहींच अर्थ नाहीं काय? आहे, परंतु ती कोणाची, हें पाहिलें पाहिजे. बाजार फक्त विकत घेणाऱ्याचें मत मोजतो. बुरोंडीच्या ज्या घरांत मोटार नाहीं, तेथील माणूस एस्. टी. नें दापोलीस जातो. त्याचें मत कोणत्याही विक्रीच्या आंकड्यांत उमटत नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें दापोली तालुक्यांत विजेचे खांब आडवे केले आणि कित्येक गांवें दिवसेंदिवस अंधारांत राहिलीं. अशा ठिकाणीं विजेच्या गाडीआधीं भरंवशाची वीज मागावी लागते, आणि ती मागणी एकट्यानें करतां येत नाहीं.

१ जून १९४८ रोजीं पहिली एस्. टी. पुण्याहून अहमदनगरास सुटली. १ जून २०२२ रोजीं त्याच मार्गावर विजेची शिवाई धांवली. तशी गाडी कोंकणांतल्या आडगांवच्या थांब्यावर नित्य उभी राहील, तेव्हां हरित वाहन ही चैनीची वस्तु न राहतां सार्वजनिक हक्क होईल. टंचाईची मागणी टंचाईबरोबर सरते, अनुदानाची अनुदानाबरोबर. नागरिक या नात्यानें केलेली मागणी तेवढी कायद्यांत उतरते, आणि ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याच्याही कामास येते.