लॉगबुकपासून स्टँड-अपपर्यंत: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ‘सॉफ्ट स्किल्स’चा इतिहास

कार्यक्रम पावण्यात आणि वेळ पावणे सहाची, त्यामुळे जो विनोद व्हायचा तो झाला असं समजून पुढे जाऊ.

विषय सॉफ्टवेअरचा आणि मालिका इतिहासाची, हे कसं काय, असं काहींनी विचारलं. तर आम्हाला असं वाटतं की सॉफ्ट स्किल्स म्हणून आज जे शिकवलं जातं आणि ज्याला मार्क दिले जातात, त्याचा एक इतिहास आहे. तो ठाऊक नसल्यामुळे मार्क चुकीच्या गोष्टीला पडतात. त्यातला एक धागा इथे, आपल्या आजूबाजूलाच आहे.

1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याच्या खाडीपलीकडच्या या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. नोसिलसारखे मोठे रसायन कारखाने साठच्या दशकातले. सिडको आली ती 1970 मध्ये, म्हणजे नवी मुंबई हे शहर जन्मायच्या आधीच इथे पाळ्या सुरू होत्या. आगरी-कोळी वस्तीची गावं, त्यांच्या शेतजमिनीवर आलेले प्लांट, आणि तीन पाळ्यांचे भोंगे. विस्थापनाचा तो मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र व्याख्यान हवं. आज आपल्याला फक्त पाळी बदलताना काय होतं ते बघायचंय.

रसायन कारखान्यात रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. आलेल्या माणसाला चार्ज द्यायचा. कुठला व्हॉल्व्ह बंद आहे, कुठला पंप दुरुस्तीला काढलाय, कुठल्या टाकीचं तापमान चढतंय, हे लॉगबुकात लिहायचं आणि तोंडानेही सांगायचं. ऐकणाऱ्याने उलट विचारायचं. यात चूक झाली तर काय होतं, याचं जगाला माहीत असलेलं उदाहरण म्हणजे पायपर अल्फा. उत्तर समुद्रातल्या त्या तेल-फलाटावर 6 जुलै 1988 रोजी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह काढलेला होता. ती गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोचली नाही आणि पंप सुरू केला गेला. 167 माणसं गेली.

आता सांगा, चार्ज देणं हे कौशल्य ‘सॉफ्ट’ आहे का? इथल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरला विचारा, तो हसेल. ते कामच होतं. आणि ते मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत चालायचं.

मग हा शब्द आला कुठून? आला तो अमेरिकी सैन्यातून. 1972 च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस इथे सैन्याच्या प्रशिक्षण विभागाने यावर एक परिषदच घेतली होती. यंत्राशी संबंधित काम ते ‘हार्ड’, माणसांशी आणि कागदांशी संबंधित ते ‘सॉफ्ट’, अशी त्यांची ढोबळ वाटणी. पण त्याच परिषदेत पॉल व्हिटमोर यांनी वेगळंच काही मांडलं. त्यांचा मुद्दा आमच्या शब्दांत असा: ज्या कामाबद्दल आपल्याला पुरेसं कळलंय त्याला आपण हार्ड म्हणतो, ज्याबद्दल फारसं कळलेलं नाही त्याला सॉफ्ट. म्हणजे सॉफ्ट हा कौशल्याचा गुण नाही, आपल्या अज्ञानाचं माप आहे. हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सांगून झालंय बरं का. शब्द मात्र टिकला, इशारा हरवला.

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. जेराल्ड वाइनबर्ग यांचं प्रोग्रामिंगच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक 1971 चं. कोड ही आपली खाजगी मालमत्ता समजू नका, दुसऱ्याला वाचू द्या, चूक निघाली तर मनाला लावून घेऊ नका, असं त्यात आहे. पण आपल्याकडे उद्योग वाढला तो वेगळ्या वाटेने. नव्वदच्या दशकात काम अमेरिकेतून यायचं. तिथे ग्राहकासमोर बसलेला एक ऑनसाइट को-ऑर्डिनेटर असायचा. तो बोलायचा, इकडच्या टीमला जाडजूड कागदपत्रं मिळायची आणि टीम कोड लिहायची. त्यात सीएमएम हे मोजमाप आलं, 1991 मध्ये. आपल्या कंपन्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पाचव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवरच्या जगातल्या केंद्रांत भारतीय केंद्रांचा मोठा वाटा झाला. प्रक्रिया लिहिलेली, कागद पक्के. बोलणं हे एका माणसाचं खातं. बाकीच्यांनी मान खाली घालून काम करायचं, आणि ते उत्तम व्हायचं, हेही मान्य केलं पाहिजे.

दरम्यान या पट्ट्याचं रूप पालटलं. काही मोठे कारखाने आक्रसले, काही बंद पडले. महापे, घणसोली, ऐरोलीकडे काचेच्या इमारती आल्या. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीकडची मुलं ठाण्याला गाडी बदलून इथे उतरू लागली.

त्याच सुमारास अ‍ॅजाइल आलं. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे, सतरा जण जमले आणि त्यांनी तो छोटा जाहीरनामा लिहिला. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा संवाद मोलाचा, हे त्यातलं पहिलंच सूत्र. आपल्याकडे याचा परिणाम काय झाला? काल ज्याला बोलायची गरजच नव्हती, त्याला आज रोज बोलायचं होतं. स्टँड-अपमध्ये, डेमोमध्ये, रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये. एका माणसाचं खातं एकदम दहा जणांवर आलं, आणि तेही इंग्रजीत.

मग प्रशिक्षणाचा धंदा सुरू झाला. हस्तांदोलन कसं करावं, टाय कशी बांधावी, उच्चार कसे सुधारावेत. आम्हीही अशी सत्रं घेतलीत, त्यामुळे हात झटकत नाही. 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. इंजिनिअरिंगच्या पदवीधराकडून अपेक्षित बारा गुणांत संघकार्य आणि संवाद हे दोन ठळकपणे आले. चांगली गोष्ट. पण कॉलेजात त्याचं मोजमाप बऱ्याचदा सेमिनारच्या दहा मार्कांत होतं, आणि कंपनीत वर्षाअखेर एक ते पाचच्या पट्टीवर.

इथे एक प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव नको. मराठी माध्यमातून आलेली एक टेस्टर. एका मॉड्यूलमध्ये गडबड आहे हे तिला तीन दिवस आधी दिसलं होतं. स्टँड-अपला मॅनेजर बसायचा, समोर अमेरिकेतला ग्राहक. तिने ‘नो ब्लॉकर्स’ म्हटलं. रिलीज फसलं. मूल्यमापनात तिला ‘कम्युनिकेशन: सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळाला आणि इंग्रजी संभाषणाच्या वर्गाला पाठवलं गेलं. पण मुळात तिला वाक्य येत नव्हतं का? तिने तो दोष टूलमध्ये लिहून ठेवला होता, साध्या, नीट इंग्रजीत. तो वाचायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. आमच्या ऑपरेटरच्या भाषेत सांगायचं तर लॉगबुक भरलं होतं, चार्ज घेणारा नव्हता. आणि शेरा लॉगबुक भरणारीला.

स्क्रमच्या मूळ कल्पनेत रोजची ती पंधरा मिनिटं काम करणाऱ्यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी आहेत, वरच्याला हजेरी देण्यासाठी नाहीत. 2020 च्या स्क्रम गाइडमधून तर ते प्रसिद्ध तीन प्रश्नही काढून टाकलेत. आपल्याकडे ते अजून पाठ म्हटले जातात.

मोजण्यातली आणखी एक गोम. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्याच्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटात चुका कमी असतील, ही अपेक्षा. निघालं उलटं, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त. कारण बहुधा असं, की तिथे सांगायची भीती नव्हती. 1999 मधला त्यांचा गटांवरचा प्रसिद्ध निबंध याच वाटेवरचा. म्हणून ज्या टीमच्या बोर्डावर अडथळे दिसतच नाहीत, तिला पाचपैकी पाच देताना जरा थांबावं.

मग मोजायचं काय? आम्ही अलीकडे माणसाचा स्वभाव मोजणं सोडलंय. अडचण दिसल्यापासून ती बोर्डावर यायला किती वेळ लागला, हे बघतो. एकाने लिहिलेल्या नोंदीवरून दुसऱ्याला, न विचारता, काम पुढे नेता येतं का, हे प्रत्यक्ष करून बघतो. ही सरळ कारखान्यातली परीक्षा आहे. रेट्रोमध्ये ठरलेलं पुढच्या स्प्रिंटमध्ये झालं का. कोड रिव्ह्यूमधला शेरा वाचून समोरच्याला काय बदलायचं ते कळलं का. आणि हे आकडे पगारवाढीला जोडायचे नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून सगळं गोड दिसायला लागतं. शिकवण्याच्या बाजूने म्हणाल तर जोडीने प्रोग्रामिंग, बैठक चालवायची पाळी प्रत्येकाकडे, आणि बोलण्याआधी दोन मिनिटं लिहायला देणं. ही शेवटची गोष्ट गप्प मुलांना फार उपयोगी पडते. टीमच्या आत मराठी-हिंदी चालू द्या. ग्राहकाशी इंग्रजी आहेच.

त्या टेस्टरच्या टीममध्ये पुढे मॅनेजरने स्टँड-अपला यायचं बंद केलं, आणि रात्री नोंदवलेले दोष सकाळी कुणी वाचायचे याची पाळी लावली गेली. ती आता ते वेळापत्रक सांभाळते. इंग्रजीचा वर्ग तिने अर्धवट सोडला.

वेळ झाली. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत एक काका बसलेत, चौतीस वर्षं प्लांटमध्ये होते म्हणे. माइक आधी त्यांच्याकडे द्या.