वाट कठीण झाली, भूमिती तीच राहिली : सायकल रिक्षाच्या स्थैर्याची गोष्ट

अमीनाबाद हा लखनौचा जुना बाजार. अवधचे नवाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनुद्दौला यांच्या नावाने तो एकोणिसाव्या शतकात वसला. चिकनकारीच्या कापडाची दुकाने, कबाबांचा धूर, पुस्तकांची मांडणी आणि या साऱ्यांतून वाट काढणारी सायकल रिक्षा हे त्याचे परिचित चित्र. त्या चित्रातील एका क्षणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दोन प्रवाशांना घेऊन रिक्षा गल्लीच्या कोपऱ्यावर वळते, आतल्या बाजूचे मागचे चाक हलके होते आणि चालक सीटवरून किंचित उठून वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो. ही केवळ सवय नव्हे. वाहनाच्या रचनेत जे राहून गेले, ते तो आपल्या शरीराने भरून काढत असतो.

हे नेमके काय राहून गेले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. माणसाने ओढायची रिक्षा जपानमध्ये १८६९ च्या सुमारास प्रचारात आली आणि तेथून आशियाभर पसरली. पुढे तिला सायकल जोडली गेली. भारतात सायकल रिक्षा साधारणतः १९३० च्या दशकात आली. तिची घडण सोपी होती : सायकलचे पुढचे अर्धे अंग तसेच ठेवायचे, मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा आस बसवायचा आणि त्यावर आसन चढवायचे. गावोगावचे लोहार आणि सायकल दुरुस्त करणारे कारागीर ती बनवू शकत होते. तिच्या प्रसाराचे कारण हेच, आणि तिच्या दोषांचे मूळही हेच.

सायकल तोल सांभाळते ती कलून. वळताना सायकल आणि स्वार दोघेही आत कलतात आणि बाहेर फेकणारा परिणाम त्या कलण्याने संतुलित होतो. सायकलचा पुढचा चिमटा ज्या कोनात तिरका असतो, तो कोनही कलणाऱ्या वाहनासाठीच ठरलेला आहे. मागे दोन चाके आली की कलणे बंद होते. रस्त्याच्या कडेचा उतार आला की हँडल त्या बाजूला ओढ घेते आणि चालकाला ते सतत धरून ठेवावे लागते. बहुतेक सायकल रिक्षांत साखळीची शक्ती मागच्या एकाच चाकाला मिळते. त्यामुळे जोरात पायडल मारले की गाडी एका अंगाला सरकू पाहते. ब्रेक असतो तो केवळ पुढच्या चाकाला, आणि तोही एका माणसाच्या सायकलसाठी घडवलेला. येथे मात्र त्याला चालक, दोन प्रवासी आणि गाडी मिळून कित्येक पट वजन थांबवायचे असते.

आता उलटण्याचे गणित पाहू. तीन चाके जमिनीला जेथे टेकतात, ते बिंदू जोडले की त्रिकोण होतो. रिक्षाचा हा त्रिकोण पुढे निमुळता आणि मागे रुंद असतो. गुरुत्वमध्य जितका खाली आणि मागच्या आसाच्या जितका जवळ, तितके वाहन स्थिर. समजा मागच्या दोन चाकांतील अंतर ०.९ मीटर आहे, प्रवाशांसह गुरुत्वमध्याची उंचीही ०.९ मीटर आहे आणि पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतच्या लांबीच्या ८० टक्के अंतरावर तो आहे. अर्ध्या रुंदीला ०.८ ने गुणून उंचीने भागले की ०.४ हे उत्तर येते. म्हणजे आडवे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४ पट झाले की आतले चाक उचलले जाणार. चार मीटर त्रिज्येच्या वळणावर ही मर्यादा ताशी सुमारे १४ किलोमीटर वेगाला गाठली जाते. आसन २० सेंटिमीटर खाली आणून गुरुत्वमध्य तेवढाच खाली आणला, तर मर्यादा ताशी १६ किलोमीटरपर्यंत जाते. वळता वळता पुढचा ब्रेक दाबला, तर भार पुढे, त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडे सरकतो आणि मर्यादा पुन्हा खाली येते. चालक आत झुकतो तो हेच गणित सोडवण्यासाठी. त्याने ते कागदावर कधी मांडलेले नसते इतकेच.

हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या वाहनापुढेही उभा राहिला होता. कॅनडातील क्वेबेक प्रांतात जोसेफ-आर्मांद बोंबार्दिए यांच्या कंपनीने १९५९ मध्ये ‘स्की-डू’ ही हलकी स्नोमोबाइल बाजारात आणली. तिचा त्रिकोण रिक्षाच्या उलट : पुढे दिशा देणाऱ्या दोन स्की आणि मागे एक फिरता पट्टा. मऊ बर्फात ती ठीक चाले. पुढे हजारो गाड्यांच्या ये-जा करण्याने वाटा दाबल्या जाऊन कठीण झाल्या, वेग वाढला आणि दोष उघडे पडले. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चरांत स्की अडकत आणि गाडी अचानक डावी-उजवीकडे धाव घेई. वळणावर आतली स्की उचलली जाई. अभियंत्यांनी उपाय शोधले. स्कीखालच्या पोलादी पट्टीत टंगस्टन कार्बाइडची कठीण धार बसवली, म्हणजे ती बर्फाला चावून धरील. दोन स्कींमधील अंतर वाढवले. गुरुत्वमध्य खाली आणला. १९८० च्या सुमारास ‘पोलारिस’ या अमेरिकी कंपनीने दोन्ही स्कींना स्वतंत्र सस्पेन्शन देणारी ‘इंडी’ ही गाडी आणली आणि इतरांनाही त्या वाटेने जावे लागले. वाट बदलली तशी भूमिती बदलली.

रिक्षाच्या बाबतीत मात्र वाट बदलली तरी भूमिती फार काळ बदलली नाही. ती बदलण्याचा एक गंभीर प्रयत्न महाराष्ट्रात झाला, आणि तो करणारे गृहस्थ होते लखनौचे. अनिल राजवंशी लखनौत वाढले, आयआयटी कानपूरमध्ये शिकले आणि अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली. १९८१ मध्ये भारतात परतून ते सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत दाखल झाले. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. करडई, शेळ्या-मेंढ्या आणि ग्रामीण ऊर्जा यांवर काम करणाऱ्या या संस्थेत सायकल रिक्षाकडेही अभियंत्याच्या दृष्टीने पाहिले गेले. सुधारित रिक्षात पाच गतींचे गियर आले, लांबलचक साखळी आखूड झाली, ब्रेक मागच्या चाकांवर आला, सस्पेन्शन सुधारले आणि हवेचा अवरोध कमी झाला. त्याच मालिकेत मोटरचे साहाय्य घेणारी पायडल रिक्षा आणि २००० च्या सुमारास ‘इलेक्शा’ ही बॅटरीवरची रिक्षा तयार झाली. या कामाचा शोधनिबंध २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. राजवंशी यांना २०२२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

मागच्या चाकांवरचा ब्रेक ही वरवर किरकोळ सुधारणा वाटते. पण वर मांडलेला त्रिकोण आठवावा. भार जेथे आहे तेथेच थांबवण्याची शक्ती द्यायची, हा त्यातला विचार आहे.

इतर प्रयत्नही झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आग्र्यात हलक्या, गियर असलेल्या रिक्षा रस्त्यावर आल्या. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने घडवलेली ‘सोलेक्शा’ २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीत सादर झाली. तरी बाजारात जुनीच रिक्षा टिकून राहिली. याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. स्नोमोबाइल विकत घेणारा आणि चालवणारा माणूस एकच. गाडी उलटली तर तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची घेतो. रिक्षा बहुधा मालकाची असते आणि चालक ती रोजच्या भाड्याने घेतो. दुखणारे गुडघे एकाचे, खरेदीचा निर्णय दुसऱ्याचा. अशा व्यवस्थेत चांगल्या रचनेला गिऱ्हाईकच उरत नाही.

मग ई-रिक्षा आली आणि चालकाच्या पायांना विसावा मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण नियमांविना धावणाऱ्या ई-रिक्षांवर सुरक्षिततेच्या कारणास्तव दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१४ च्या अखेरीस बंदी घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्राने नियम केले : चार प्रवासी, ४० किलो सामान, कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यातही दुरुस्ती झाली. आता आपल्या गणिताकडे पुन्हा वळू. ०.४ ही मर्यादा तशीच राहिली, तर ताशी २५ किलोमीटर वेगाने वळायला १२ मीटरहून अधिक त्रिज्या लागते. अमीनाबादच्या गल्लीत एवढे वळण कोठून मिळणार? ई-रिक्षाची जड बॅटरी खाली बसवली तर गुरुत्वमध्य खाली येतो, हा लाभ आहे. परंतु दाटीने जास्त माणसे बसवली की तो लाभ पुसला जातो.

विद्यार्थी मित्रांनी एक प्रयोग जरूर करावा. थांबलेल्या रिक्षाच्या चालकाची परवानगी घेऊन मागच्या चाकांतील अंतर, आसनाची उंची आणि पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतची लांबी मोजावी. गुरुत्वमध्याचा अंदाज बांधून वर दिलेले गणित करावे आणि आलेला वेग चालकाला सांगावा. तो बहुधा हसून म्हणेल की हे त्याला ठाऊक आहे. त्याचे ते ज्ञान आजवर त्याच्या कमरेने आणि गुडघ्यांनी वाहिले. ते रिक्षाच्या सांगाड्यात उतरवणे हे अभियंत्याचे उरलेले काम आहे.