दोन तारांची मोट

शाळा सुटली आणि दार एकच असेल, तर मुले बाहेर पडायला वेळ लागतो. दुसरे दार उघडले की तो वेळ निम्म्यावर येतो. मग दोन संगणकांना जोडताना टेलिफोनच्या एका तारेऐवजी दोन तारा वापरल्या, तर माहिती दुप्पट का जाऊ नये? प्रश्न साधा आहे. पण सर्वांच्या यंत्रांना चालेल असे त्याचे उत्तर मिळायला १९९४ साल उजाडावे लागले.

मुळात एक तार अपुरी का पडत होती, हे आधी पाहू. टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी उभारलेली. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रता जातात. अशा वाहिनीची क्षमता किती, याचे सूत्र क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडले. कंप्रतांच्या पट्ट्याची रुंदी आणि गोंगाटाच्या तुलनेत संदेशाची शक्ती, या दोन गोष्टींवर ती क्षमता ठरते. संदेश गोंगाटाच्या हजारपट आहे असे धरले, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ३१,००० बिट. १९९४ साली प्रमाणित झालेले मोडेम सेकंदाला २८,८०० बिट पाठवीत. म्हणजे अशा तारेतून आणखी फारसे काही पिळून काढता येणार नव्हते. दहा लाख बाइटची फाइल आणायला साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा आमच्या पिढीला ही वाट पाहण्याची चांगलीच सवय झाली.

वेग वाढत नाही, तर तारा वाढवायच्या. पूर्णपणे अंकीय असलेल्या आयएसडीएन टेलिफोन जोडणीत तर प्रत्येकी ६४,००० बिटचे दोन मार्ग एकत्रच मिळत. हे मार्ग जोडणारी खास उपकरणे बनवण्याचे प्रयत्न चालू होते. ती दोन्ही टोकांना बसवावी लागत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कीथ स्क्लोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. हे काम नुसत्या आज्ञावलीने का करू नये? नोव्हेंबर १९९४ मध्ये त्यांनी ‘मल्टिलिंक पीपीपी’ची नियमावली प्रसिद्ध केली. सुधारित आवृत्ती ऑगस्ट १९९६ ची. गंमत म्हणजे तिचा दस्तऐवज क्रमांक १९९० आहे; वाचणारे त्यालाच साल समजतात!

यात अवघड काय होते? समजा, एक माहिती-पुडके पहिल्या तारेवर आणि पुढचे दुसऱ्या तारेवर पाठवले. दुसरे पुडके लहान असेल, तर ते आधी पोहोचेल आणि क्रम बिघडेल. म्हणून पुडक्यांचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर चढता क्रमांक घालायचा. पुडक्याचा पहिला तुकडा कोणता आणि शेवटचा कोणता, याचीही खूण करायची. पलीकडचा संगणक क्रमांक पाहून तुकडे जुळवतो.

पण एखादा तुकडा वाटेत हरवला तर? त्याची वाट किती पाहायची? येथे या मंडळींनी सुंदर तर्क वापरला. पहिल्या तारेवरून १, ३, ५ आले आणि दुसरीवरून फक्त २ आला. ४ चा पत्ता नाही. तो हरवला म्हणावे काय? नाही. दुसरी तार मंद असेल, ४ अजून वाटेत असेल. थोड्या वेळाने दुसऱ्या तारेवरून ६ आला. आता निकाल लागला. एका तारेवर तुकडे कधीही एकमेकांना ओलांडत नाहीत, आणि दोन्ही तारा ४ च्या पुढे गेल्या आहेत. म्हणजे ४ हरवलाच. घड्याळ न पाहता, केवळ क्रमावरून हे सिद्ध होते.

आणखी एक अडचण व्यवहारातली होती. दुसरा फोन लागला, तो त्याच संगणकाचा आहे हे पलीकडे कळणार कसे? त्यासाठी प्रत्येक टोकाने आपली ओळख सांगायची सोय नियमावलीत होती. शिवाय दोन फोन म्हणजे दोन बिले. म्हणून गरजेप्रमाणे दुसरी तार जोडण्याचे आणि सोडण्याचे नियम १९९७ मध्ये आले.

एका गैरसमजापासून मात्र विद्यार्थ्यांना सावध करायला हवे. दोन तारांनी मोठी फाइल निम्म्या वेळात येते. पण एकच अक्षर पाठवायचे असेल, तर त्याला पूर्वीइतकाच वेळ लागतो. दारे दोन झाली म्हणून एकटे मूल दुप्पट वेगाने चालू लागत नाही. ‘वेग’ हा शब्द आपण दोन्ही अर्थांनी वापरतो, तेथे घोटाळा होतो.

पुढे ब्रॉडबँड आणि प्रकाशतंतू आले आणि घरोघरचे मोडेम मुके झाले. कल्पना मात्र टिकली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मल्टिपाथ टीसीपी’ या नियमावलीने वाय-फाय आणि मोबाइल असे दोन मार्ग एकाच संभाषणासाठी वापरता येऊ लागले.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. एका चिठ्ठीचे दहा तुकडे करून त्यांना क्रमांक द्या आणि मुलांच्या दोन रांगांतून हातोहात पुढे पाठवा. एक तुकडा मध्येच गुपचूप काढून घ्या. तो हरवला असे खात्रीने कोणत्या क्षणी म्हणता येईल, हे शेवटच्या मुलाला विचारा.